कानसेन

तिसऱ्या ठोशाला जबडा मोडला, तसा मेहुणा सोफ्यावरून उडालाच. "भाऊजी, हाड! हाड मोडल्याचा आवाज आला!"

"गाजर," कानसेन म्हणाला. "ओल्या टॉवेलात गुंडाळायचं आणि काडकन पिरगाळायचं."

"आणि हे ठोसे?"

"कोबी. किती कोबी बडवले त्याला गणती नाही. तुझी ताई शनिवार-रविवार घरात नसते म्हणून बरं. नाहीतर कोबीच्या जागी मीच असतो."

ऑफिसात त्याला कानसेन म्हणत ते काही उगाच नाही. व्हिडिओ गेममधले आवाज तयार करणं हे त्याचं काम. खोलीत शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी त्याचं टेबल होतं. टेबलावर हेडफोन, एक तुटकी चप्पल, खिळ्यांचा डबा आणि असलंच काहीबाही. भिंतीवर चिकटपट्टीने एक बटणाएवढा माईक डकवलेला. पाइपांतून पाणी कसं वाहतं ते टिपायला, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. ती बिचारी नर्स. शनिवार-रविवारची ड्युटी कायम तिच्याच गळ्यात. या वेळी भाऊ आला म्हणून कशीबशी दोन दिवस सुट्टी मिळालेली, ती आत चहा टाकत होती.

त्याने आवाज दिलेला हा नवा गेम कालच बाजारात आला होता. 'शनिवार-रविवार काय खेळताय?' असं कुणीतरी ग्रुपवर विचारलं, तर जो तो त्याचंच नाव घेत सुटला. त्यातही सगळ्यांच्या तोंडी एकच प्रसंग. नायक जिना चढून येतो. बंद दाराआड एक गुंड बाईला मारतोय. आपल्याला फक्त दार दिसतं, बाकी सगळं ऐकायचं. मग दार तोडून आत शिरायचं आणि त्या गुंडाला लोळवायचं.

मेहुण्याने तोच प्रसंग पुन्हा लावला आणि आवाज चांगला चढवला. धप्प. पट्टा सपकन वाजला. डोकं कशावर तरी आपटलं. बाई किंचाळली, आणि ती किंचाळी अर्ध्यात गिळून म्हणाली, "हळू... बाळ उठेल."

"बघा, काटा आला अंगावर," मेहुण्याने हात पुढे केला. "नटी कोण हो ही?"

"आहे एक. नाटकात काम करते."

"शेवटी सगळ्यांची नावं येतात, त्यात दिसली नाही."

"नको म्हणाली ती. आणि आवाज कमी कर रे, शेजारी ऐकू जाईल."

बायको चहा घेऊन आली ती वैतागूनच. "सकाळपासून तेच तेच! जीव घाबरा होतो माझा. बंद करा आधी ते."

मेहुण्याने मुकाट्याने टीव्ही बंद केला. तिघं चहा प्यायला बसले.

धप्प.

भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मग सपकन पट्टा वाजला, आणि लगेच दुसरा. शेजारून बाई किंचाळली.

बायकोने कप खाली ठेवला. "अगं बाई! तो मारतोय तिला." ती तडक दाराकडे निघाली. कानसेन तिच्याआधी दाराशी पोचला.

"वेडी आहेस का? तोही गेमच खेळतोय. आज सगळं जग तोच खेळतंय."

"नक्की?"

"मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून आलं, "हळू... बाळ उठेल."

मेहुण्याने टाळीच वाजवली. "ताई, तोच प्रसंग! शब्दन् शब्द तोच, आवाज तोच!"

बायको मटकन बसली, आणि मग तिलाच हसू फुटलं. "बाई गं, मी दार वाजवायला निघाले होते! काय शोभा झाली असती."

कानसेनने तिचा कप उचलून तिच्या हातात दिला. देताना बशीत थोडा चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याचा जिना चढून झाला, दार तोडून झालं, गुंडाचे दात पाडून झाले, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारीण. कडेवर पोर, आणि एक डोळा सुजून पार मिटलेला.

असे डोळे बायकोने दवाखान्यात ढिगाने पाहिले होते. तिचा चेहराच उतरला. "हे काय झालं?"

"आपटले." शेजारीण आत आली, पण बसली नाही. "कालपासून तुमच्याकडे काहीतरी लागतंय. भिंतीतून ऐकू येतं."

"त्रास झाला असेल तर बंदच ठेवतो," कानसेन घाईघाईने म्हणाला.

"नाही. परत लावा ना. पहिल्यापासून."

"भाऊजींनी केलाय हा!" मेहुण्याला काय, तेवढंच हवं होतं. कानसेनने रिमोटकडे हात टाकेपर्यंत जिना सुरूही झाला होता.

धप्प. पट्टा. डोकं आपटलं. शेजारीण टीव्हीकडे बघतच नव्हती. खाली मान घालून ती नुसती ऐकत होती. पोर मात्र टक लावून बघत होतं. किंचाळी ऐकून ते दचकलं आणि तिला घट्ट बिलगलं.

"हळू... बाळ उठेल."

पोराने मान वळवली. दोन्ही हात टीव्हीकडे पसरले आणि म्हणालं, "आई."

मेहुण्याच्या हातातला रिमोट तसाच राहिला. बायकोने आधी पोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. शेजारणीने मान वर केली. तिची नजर टेबलावरच्या हेडफोनवर गेली, तिथून भिंतीवर, त्या बटणाएवढ्या माईकवर.

"म्हणजे इकडे ऐकू येत होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, भिंत जाड आहे म्हणून कुणी येत नाही."