निवळलेलं पाणी

हे लिहिणारच नव्हतो. ऐकतानाच तोंड कडू झालं होतं. पण डोक्यातून जाईना, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कशेळ्याच्या वरच्या उतारावर योगेंद्र न सांगता पोचला, तेव्हा गजा टाकीच्या काठावर उकिडवा बसला होता. श्रावणातली सकाळ. रात्रभर झोडपून पाऊस नुकताच थांबलेला. पत्रे ठोकून आखलेला गवताचा पट्टा, त्याच्या पायथ्याशी सिमेंटची टाकी. पावसाबरोबर डोंगराची किती माती वाहून जाते, ते या टाकीवरून काढायचं, हे योगेंद्रचं संशोधन. दर पावसानंतर गावातला गजा टाकीतल्या पाण्याची एक बाटली भरायचा, जीपनं कर्जतला धाडायचा. तिथून ती पुण्याच्या प्रयोगशाळेत. योगेंद्रपर्यंत यायचा तो फक्त आकडा. अकरा वर्षं.

टाकीतलं पाणी लालभडक होतं.

"भर की बाटली," योगेंद्र म्हणाला.

"थांब रं. निवळू दे जरा."

"निवळू दे म्हणजे?"

"तासाभरानं गाळ बसतो खाली. मग वरचं पाणी घ्यायचं, अलगद." गजानं हातानं करूनही दाखवलं. "बाटली तुझ्या टेबलावर जाणार. गढूळ कशी धाडू? घरी कोण आलं तर गढूळ पाणी देतो का आपण?"

योगेंद्रनं टाकीत वाकून पाहिलं. "आणि खालचा गाळ?"

"पेरूच्या बुंध्याला. लई चांगली माती. पाट्याच्या पाट्या निघते."

"कधीपासून असं?"

"पहिल्यापासनं."

पाणी ढवळूनच बाटली भरायची, हे कागदावर होतं. इंग्रजी पुस्तिकेत, चौथ्या पानावर. ती पुस्तिका योगेंद्रनंच पहिल्या दिवशी गजाच्या हातात कोंबली होती आणि तोंडानं एवढंच सांगितलं होतं, बाटली भरून धाडत जा. पुढं दोघं अरेतुरेवर आले. गजाच्या घरी तो पन्नास वेळा जेवला असेल. पण पाऊस पडल्यावर टाकीपाशी एकदाही आला नव्हता. का, तर रस्त्यात चिखल असतो. त्याच आकड्यांवर डॉक्टरेट, सात शोधनिबंध, एक शाल. या उतारावरून हेक्टरी जेमतेम दोन टन माती जाते, हे तो छाती काढून सांगत हिंडला होता.

खाली जेसीबी डोंगर कापत होता. बंगल्यांची स्कीम.

"तुझाच कागद वाचला स्कीमवाल्यांनी ग्रामसभेत," गजा म्हणाला. "उतार पक्का हाय म्हणून. लोक कुरकुरत होते. मीच उठून बोललो, योगेंद्र आपला माणूस हाय, उगाच कायतरी लिहायचा नाय. मग झाले गप." मग म्हणाला, "यंदा माझ्या खाचरात वीतभर गाळ आला. मला वाटलं, माझंच कायतरी चुकतंय. कागदात तर दोनच टन हाय."

योगेंद्रनं उंच दगडावर चढून रेंज धरली आणि विभागप्रमुखांना, माधवी मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"एक गुणक लावा ना. सगळ्या आकड्यांना सारखा. कोण बघतंय?"

"कशाचा गुणक, मॅडम? तळाला किती होतं तेच कुणाला माहीत नाही."

"पुढच्या महिन्यात तुमची प्राध्यापकपदाची मुलाखत आहे, योगेंद्र. समितीत मीच आहे." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "नाहीतर असं करा. माझ्या हातून हयगय झाली, असं त्या माणसाकडून लिहून घ्या. विषय संपला."

योगेंद्रनं फोन ठेवला आणि थुंकला. क्षणभर त्याला ते पटलं होतं. किळस आली ती त्याचीच.

फोनचा आवाज मोठा होता. गजानं ऐकलं होतं.

"देतो ना लिहून," तो म्हणाला. "सही येते मला. तुझी पोस्ट कशाला घालवतो?"

"तू काही लिहायचं नाहीस. लिहिणार मी. सातही निबंध मागे घेतो." योगेंद्र दगडावरून खाली उतरला. "आणि येत्या ग्रामसभेला येतो. तू उठून बोललास ना, त्याच जागी, तुझ्या शेजारी उभा राहून सांगतो, की मी मोजलंच नव्हतं."