भिंतीआडचे उंदीर

"मॅडम, एक तर हे राहतील, नाहीतर मी," सदफ म्हणाली.

तिच्या गाइड डॉ. वर्षाराणींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दारात हंबीरराव उभे होते. फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहातले पांढरे उंदीर तेच सांभाळायचे, सदफ शाळेत जात होती तेव्हापासून. परवापर्यंत ती त्यांना मामा म्हणायची.

तिचा संताप उगाच नव्हता. मेंदूतलं डोपामिन वाढवलं की उंदरांची भीती कमी होते का, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यासाठी अधिकच्या चिन्हासारखा एक उंच लाकडी चौक होता. त्याच्या दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. भ्यालेला उंदीर भिंतीआड बसतो, निर्धास्त उंदीर उघड्यावर हिंडतो. उन्हाळ्यात सगळं झकास चाललं होतं. औषध दिलेले उंदीर उघड्या वाटांवर ऐटीत फिरायचे.

दिवाळीनंतर मात्र औषध दिलेलं असो की नसो, एकूण एक उंदीर भिंतीला चिकटून बसू लागला. असं कसं होईल? कुणीतरी त्यांना घाबरवत होतं. आणि प्राणीगृहात जाणारी माणसं दोनच, ती आणि हंबीरराव.

"हे पिंजरे आपटतात. तंबाखूच्या हातानं उंदीर उचलतात. मी कितीदा सांगितलं."

"न्हाय ओ मॅडम," हंबीरराव म्हणाले. "माझ्या हातावर चढत्यात ती. ह्या ताई आल्या की कोपऱ्यात शिरत्यात. त्याला मी काय करू?"

"चोराच्या उलट्या बोंबा," सदफ म्हणाली.

काय करायचं बाकी ठेवलं होतं तिनं? अत्तर सोडलं. कॉलेजच्या धोब्याकडचा ॲप्रन बंद केला. अम्मी घरी रोज धुऊन, इस्त्री करून द्यायची. हंबीररावांना उंदरांना हात लावायला मनाई केली आणि चाचण्यांचं सगळं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. तरी उंदीर आणखीच भेदरले. म्हणजे हा माणूस तिच्या माघारी काहीतरी करत होता, दुसरं काय? आणि भोगायचं कुणी, तर तिनं. निष्कर्ष नाहीत तर पीएचडी नाही, असं कमिटीनं तोंडावर सांगितलं होतं.

"निवृत्ती कधी आहे तुमची?" मॅडमनी विचारलं.

"जोतिबाच्या यात्रेनंतर. चैतात."

"उद्यापासून येऊ नका. चौकशी होईल."

"चौकशी लागली तर पेन्शन अडकंल ओ," हंबीरराव म्हणाले. मॅडमनी किल्लीसाठी हात पुढं केला. हंबीररावांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. "पाणी भरून ठेवलंय त्यास्नी," एवढं म्हणून ते गेले.

सदफला जराही वाईट वाटलं नाही. खोटं तर खोटं, वर माझ्यावरच ढकलायचं?

संध्याकाळी ती कबनूरला घरी पोचली तेव्हा यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. तिची अम्मी मदिना उद्याच्या ॲप्रनला इस्त्री करत होती.

"गेले एकदाचे," सदफनं पिशवी ठेवत सांगितलं. "काढलं हंबीररावांना."

अम्मीचा हात थांबला. "म्हातारा माणूस हाय, सदफ. त्यानंच केलं, नक्की?"

"मग कुणी? मी?"

अम्मीनं ॲप्रनची घडी घालून खाटेवर ठेवली.

"मोना कुठाय?" सदफनं विचारलं. मोनाला कुशीत घेतलं की दिवसभराचा राग उतरायचा.

"असंल मागाच्या खोलीत. दिवाळीत धाकट्या अरबाजनं तिला आणल्यापास्नं घर भरल्यावानी वाटतंय बघ. लई लाडावलीय पण. इस्त्री केली रे केली, की जाऊन तुझ्या गरम ॲप्रनवर झोपती. दुसरीकडं झोपच न्हाय तिला."

"झोपू दे की. लहान आहे ती." सदफ दिवसभरात पहिल्यांदा हसली. "उद्या बघ अम्मी. एकूण एक उंदीर उघड्यावर येतोय का नाही."

तेवढ्यात मागाच्या खोलीतून मोना आली, टुणकन खाटेवर चढली, ॲप्रनवर ऐसपैस बसली आणि तोंडातला उंदीर सदफपुढं टाकून मिशा चाटू लागली.