धावदोरा

खुब्याचं हाड मोडलं, सासरे दोन महिने अंथरुणाला खिळले, आणि जन्मभर लोकांच्या पँटी शिवणाऱ्या शिंप्याची स्वतःचीच पँट मांडीवर पोत्यासारखी लोंबू लागली. “जास्तीचं कापड कापून मशीनवर पक्की टीप मारते,” सून म्हणाली. “कात्री ठेव खाली!” ते खेकसले. “या वयात झडलेलं मांस सहज भरत नाही, बाबा, डॉक्टर म्हणालेत.” “माझ्या खुब्यावरचे त्यांचे वाकडे टाके बघितलेत मी!” त्यांनी सगळं कापड आत दुमडून हातानेच कच्चा, ओढला की निघेल असा धावदोरा घातला. मग रोज खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. घामाने निथळत, खुर्चीला शिव्या घालत. चार महिन्यांनी एका सकाळी ते हात न टेकता उठले आणि ओरडले, “सूनबाई, पँट आवळतेय!” सून कात्री घेऊन धावत आली. “ती राहू दे,” म्हणत त्यांनी दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं. “ओढ.”