फाईलचं शेपूट

"आत एकालाच सोडतात," तिजानीने धडधडीत थाप मारली. "तू बस इथेच. माझा कोट धर."

"तू-तूच बोल बाबा," लझर म्हणाला. "मी तोंड उघडलं तर हो-होणारं कामही बिघडेल." आणि तो पाणीवाटप मंडळाच्या दाराबाहेरच्या बाकावर, मित्राचा कोट मांडीवर घेऊन बसला. वर हसलासुद्धा. मेल्याला संशय म्हणून कधी यायचाच नाही!

वाळवंटातल्या तोझर गावच्या खजूरबागांना पाणी पाळीने मिळतं. कुणाला किती तास, कुणाच्या मागून कोण, यावरून तिथे सख्ख्या भावांची डोकी फुटली आहेत. त्या पाळ्या लावून देणारा प्रोग्राम लझरने तीन वर्षं खपून लिहिला होता. मंडळाला तो पसंत पडला, तर लिहिणाऱ्याला कायमची नोकरी मिळणार होती. जागा एकच होती. आणि तिजानी पाच वर्षं बायकोपोरांसकट मेहुण्याच्या घरात राहत होता. त्याच्या ताटात कुसकूस वाढताना मेहुण्याच्या बायकोचा हात दर वेळी जरा आधीच थांबायचा.

अडचण होती ती मंडळाच्या जुनाट कॉम्प्युटरांची. लझरचा प्रोग्राम म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेल्या एकेचाळीस स्क्रिप्ट. त्या वाचून कॉम्प्युटरला कामाला लावणारा इंटरप्रिटर जवळ नसेल, तर त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि मंडळात कॉम्प्युटरवर नवं काही बसवायला सक्त मनाई. म्हणून लझरने तोडगा काढला. इंटरप्रिटर आणि सगळ्या स्क्रिप्ट एकाच फाईलमध्ये बांधून टाकायच्या. बसवायला नको, काही नको, क्लिक केलं की चाललं. कशी बांधायची ते त्याने चिठ्ठीवर तिजानीला लिहून दिलं, कारण काल दुपारी त्याला आईला दवाखान्यात न्यायचं होतं.

बांधण्याआधी तिजानीने आणखी एक काम केलं. सगळ्या स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे 'लझर' असेल, तिथे तिथे 'तिजानी' कर, असं त्याने कॉम्प्युटरला सांगितलं. एका झटक्यात सतरा ठिकाणी नाव बदललं. त्याने एकही स्क्रिप्ट उघडून वाचली नाही. लझरला बोलायची पंचाईत, म्हणून तो प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर लांबलचक टिपण लिहायचा. कॉम्प्युटरसुद्धा त्या टिपणांकडे ढुंकून बघत नाही, मग माणूस कशाला बघेल? तिजानीने फाईल बांधली, चालवली, पडद्यावर स्वतःचं नाव बघितलं. लाज वाटली, नाही असं नाही. पण एकदा बांधल्यावर आतलं कुणाला दिसतंय, अशी त्याची समजूत होती.

मंडळाच्या इंजिनिअर रफीकाबाईंनी फाईल चालवून बघितली. पडद्यावर पाळ्या बिनचूक लागल्या. पार टोकाला असलेल्या एका विधवेच्या बागेलासुद्धा तिच्या वाटणीचं पाणी पोचलं.

"वा, तिजानीसाहेब! आमच्या माणसांना दहा वर्षांत जमलं नाही हो हे. एकट्याने केलंत?"

"एकट्यानेच, बाई. तीन वर्षं लागली."

"कमाल आहे तुमची!" म्हणत बाईंनी तीच फाईल साधा मजकूर लिहायच्या खिडकीत उघडली. "घाबरू नका. बाहेरून आलेल्या फाईलचं शेपूट बघायची मला खोडच आहे. पुढे इंटरप्रिटर असतो आणि मागे स्क्रिप्ट जशाच्या तशा चिकटवलेल्या. कुलूपबिलूप काही नसतं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हीच बांधलीय."

तिजानीला हे ठाऊक नव्हतं. पडद्यावरून अगम्य चिन्हांचा कचरा सरकत गेला, सरकत गेला, आणि मग सरळ वाचता येतील अशा ओळी आल्या. बाई मोठ्याने वाचू लागल्या.

"'हे काम तिजानी आणि तिजानी या दोघांचं.'" त्या हसल्या. "हे काय हो? 'तिजानी एकटा असता तर त्याने केव्हाच नाद सोडला असता. तिजानी रोज येऊन दार वाजवायचा, म्हणून झालं. नोकरीची जागा एकच असेल तर ती तिजानीला द्यावी, तो फार हालात आहे. आजारी आईला सोडून तिजानीला तसंही येता येणार नाही.'"

बाईंचं हसू मावळलं. जे तिजानीने चोरलं, ते लझरने कधीच त्याला देऊन टाकलं होतं.

"दुसरा तिजानी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

तिजानीची नजर दाराकडे गेली. बाईंनी स्वतः उठून दार उघडलं आणि बाकावरच्या माणसाला आत बोलावलं.

लझर आला. कोटाची घडी त्याने छातीशी धरली होती. बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. तो वाकला आणि स्वतःचंच टिपण सावकाश, शेवटपर्यंत वाचत राहिला. मग त्याने तिजानीकडे बघितलं. तिजानी मान खाली घालून बसला होता.

"तुमचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

लझरने कोट तिजानीच्या खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवला. आणि एकदाही न अडखळता तो म्हणाला, "तिथे लिहिलंय तेच, बाई. तिजानी."