दार न उघडण्याचा खेळ

इत्सेलने बाहुलीचं तोंड हाताने घट्ट दाबलं आणि बापाला टेबलाखाली ओढलं.

"श्वास नको घेऊस, पापा. ती आली."

बर्नाबे गुडघे पोटाशी घेऊन बसला. मांसाच्या कारखान्यात अख्खी गुरं पेलणारा गडी, पण चार वर्षांच्या लेकीपुढे त्याला घाम फुटला होता. "आपण ठोकळे खेळू या का?" त्याने हळूच विचारलं आणि वर्गाच्या शिक्षिका लोर्नाबाईंकडे चोरून पाहिलं.

लोर्नाबाईंनी मानेनेच नकार दिला. नियम त्यांचाच होता. सकाळी आईबाप एका खोलीत इंग्रजी वाचायला शिकत, मुलं दुसऱ्या खोलीत अक्षरं गिरवत आणि शेवटचा तास सगळ्यांचा एकत्र. त्या तासात मूल म्हणेल तो खेळ. मोठ्यांनी मोडता घालायचा नाही.

आठवडाभर इत्सेल हाच खेळ खेळत होती.

केंद्रप्रमुख मर्ना यांनी लोर्नाबाईंना आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं आणि या खेळाचा विषय काढला. घरात मुलाला कोणी छळतंय असा नुसता संशय आला तरी शिक्षकाने सरकारी नंबरवर कळवायचं, असा कायदा. शुक्रवारी वर्ग सुटेपर्यंत तुम्ही फोन करा, नाहीतर मी करते, असं त्या सरळ म्हणाल्या. फोनचा परिणाम लोर्नाबाईंना ठाऊक होता. कधी कधी त्याच संध्याकाळी गाडी येते आणि मूल परक्या घरी झोपतं.

बर्नाबे त्यांचा लाडका विद्यार्थी होता, उगाच कशाला लपवा. बायको दिवसपाळीला, हा रात्रपाळीला. हाताला क्लोरीनचा वास घेऊन लेकीसोबत वर्गात यायचा आणि डुलकी आली की स्वतःलाच चिमटा काढायचा. पहिलं पान अडखळत का होईना इत्सेलला वाचून दाखवलं, त्या दिवशी तो रडला होता. पण लाडक्या माणसांच्या घरातही काय काय चालतं, हे बाईंनी तीस वर्षांत पाहिलं होतं.

त्यात गेल्या महिन्यात, बिनकागदांच्या परदेशी कामगारांना पकडायला, कारखान्यावर धाड पडलेली. तेव्हापासून वर्गातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. बाईंच्या गुरुवारच्या घरभेटीही निम्म्या फुकट जात. विचारलं तर कोणी पाळीवर होता म्हणे, कोणी बहिणीकडे. या गुरुवारीही बाई ट्रेलरांच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, वस्तीत मुलांसाठी पुस्तकं घेऊन थंडीत कुडकुडत हिंडल्या. बर्नाबेच्या घरालाही जाग नव्हती; पुस्तकं दाराशीच ठेवून त्या परतल्या.

शुक्रवारी कॉफी आणि गोड पावाच्या सुट्टीत त्यांनी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"इत्सेल धाडवाल्यांना घाबरते, म्हणून लपते ना?"

"नाही बाई. एक बाई येते..." त्याने जीभ चावली.

"नात्यातली?"

"चांगली बाई आहे ती. तिला नावं नका ठेवू."

"एवढी चांगली आहे, तर पोरीला श्वास रोखून का बसावं लागतं?"

त्याने कप दोन्ही हातांत फिरवला. "माणूस चांगलं असेल, बाई. दाराला ते कसं कळणार?"

याहून जास्त तो बोलेना. बाईंच्या मनात नाही नाही ते आलं. पोर सांभाळायला ठेवलेली कोणी? की बर्नाबेचीच कोणी, बायकोच्या माघारी येणारी? ज्या अर्थी तो तिला पाठीशी घालत होता, त्या अर्थी कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यांना त्याचा राग आला. आणि आपण चुकलो तर, अशी भीतीही वाटली.

शेवटच्या तासाला त्या हातात फोन घेऊनच बसल्या. नंबर लावलेला, बटण दाबायचं तेवढं बाकी. मर्ना दारात उभ्या होत्या.

इत्सेलने बाहुली काखेत मारली आणि बाईंचं बोट धरलं. "आज तुम्ही ती व्हा."

"बाईंना नको," बर्नाबे पटकन म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "दुसरं काहीतरी खेळ."

"नियम आहे, बर्नाबे."

त्याने मान खाली घातली. आता उलगडा होणार, हे बाईंना कळलं.

इत्सेलने त्यांना कपाटाच्या पलीकडे उभं केलं. कपाट म्हणजे दार. मग ती बापाला घेऊन टेबलाखाली शिरली.

"काय करू मी?" बाईंनी विचारलं.

"टकटक करा. मग पापाला हाक मारा. मग मला. गोड आवाजात."

बाईंनी टकटक केलं, हाका मारल्या. पलीकडे कोणी हललंसुद्धा नाही. वर्गातले बाकीचे आईबापही एकाएकी एकमेकांकडे पाहू लागले.

"दार तर उघडलं नाही तुम्ही." बाईंचा अंगठा बटणावर होता. "मग मी रागावते का? मारते तुला?"

"छे," टेबलाखालून इत्सेल म्हणाली. "थोडा वेळ थांबते. मग पुस्तकांची पिशवी दाराला अडकवते आणि जाते."