बिबट्याचं स्वप्न

मळ्यातल्या घराच्या ओट्यावर बिबट्याने सुवर्णाला धरलं. शेजाऱ्यांनी डबे बडवून तिला सोडवलं. ती वाचली, पण झोप गेली ती गेलीच. डोळा लागला की तेच स्वप्न, तीच किंकाळी. शेवटी नवरा, रविराज, तिला नाशिकला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन आला.

"स्वप्नातलं जे नकोय ते बदलायचं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "आणि ते नवं स्वप्न रोज जागेपणी डोळ्यांसमोर आणायचं. हळूहळू झोपेतही तेच दिसायला लागतं. सांग, काय बदलू या?"

"बिबट्याच काढून टाका ना मॅडम!" रविराज मध्येच बोलला. "लय भित्री हाय ही. त्याच्या जागी मांजर ठेवा." आणि स्वतःच खो खो हसला.

सुवर्णा हसली नाही. मानेवरच्या टाक्यांवरून तिने हात फिरवला.

"बिबट्या राहू द्या मॅडम. त्याला भूक लागली व्हती, तो आला. मी पळत दारापर्यंत पोचले व्हते. दार बडवत व्हते, ह्यांना हाका मारत व्हते."

 

"फक्त आतून कडी लावणारा माणूस बदलायचाय."