बिनठिपक्याची कोकरं

एक रकाना सोडला तर प्रांजलची सगळी आकडेवारी पाठवायला तयार होती. त्या रकान्यात लिहायचं होतं, कोकरांना खुराक कुणी आणि कसा चारला. परराज्यातल्या एका गटानं तिचाच प्रयोग पुन्हा करून पाहिला होता आणि निकाल नेमका उलटा आला होता. पेंडीच्या खुराकानं त्यांची कोकरं चांगली भरली. प्रांजलच्या शोधनिबंधात मात्र छापलं होतं, की पेंड घालून वजनात काही फरक पडत नाही. चूक कुणाची ते कळावं म्हणून त्यांनी तिच्या मूळ नोंदी मागितल्या होत्या.

तिची पीएच.डी. याच निबंधावर टेकलेली. तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला, "कोरा सोड तो रकाना. कोण विचारतंय?" क्षणभर तिला ते पटलंही. भ्यालेल्या माणसाला पळवाट लगेच दिसते. पण तिच्या निबंधाचं ऐकून आटपाडीकडच्या तिच्याच भावकीनं कोकरांची पेंड बंद केली होती. ते काही तिला स्वस्थ बसू देईना. सकाळची एस.टी. धरून ती गावी आली.

भामाबाई, तिची आई, मेंढरांभोवतीच्या जाळीच्या वाघरीपाशी कोकरं पाजत होती. प्रयोगाच्या दिवसांत प्रांजल परीक्षेसाठी साताऱ्याला अडकली, तेव्हा चारायचं काम आईकडेच होतं.

"आई, मी नव्हते तेव्हा पेंड कुणाला घालायचीस?"

"सगळ्यांस्नी."

"सगळ्यांना? पाठीवर लाल ठिपका लावलेल्यांनाच घालायची होती ना!"

"ठिपकंवाली खात्यात आन् बाकीची नुसती तोंडाकडं बगत्यात. मला न्हाई बगवलं."

प्रांजल तिथंच मातीत बसली. फरक दिसणार तरी कुठून? दोन्हीकडची कोकरं सारखंच खाऊन सारखीच वाढली होती. पदवी जाणार, सर पुन्हा दारात उभं करणार नाहीत, सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. तरी तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि रकाना भरला: 'दोन्ही गटांना सारखाच खुराक दिला गेला. माझा निष्कर्ष चुकीचा आहे.' नोंदी पाठवून दिल्या. आता माघार नव्हती. मग मात्र तिला रडू आवरेना.

"ठिपका नसलेल्यांना घालू नको म्हणून बजावलं होतं ना गं मी! का नाही ऐकलंस?"

भामाबाईनं हातातलं कोकरू खाली सोडलं.

"तुजी आज्जी बी बजावायची, दूध पोराला घाल, पोरीला नगं. तिचं तरी कुटं ऐकलं मी?"